कोऱ्या गिटारचा घसारा

मराठी मध्यमवर्गाला जुन्या वस्तूंचं वावडं आहे, असं म्हणण्याची माझी छाती नाही. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पाठ्यपुस्तकांवर आपण पदव्या मिळवल्या, थोरल्याचा शर्ट धाकट्याला घातला आणि पहिली स्कूटर घेतली तीही कुणाच्या तरी बदलीच्या कृपेनं. पण घरातल्या पोरानं इलेक्ट्रिक गिटार मागितली, की याच काटकसरी माणसाच्या अंगात कर्ण संचारतो. "घ्यायची तर कोरीच!" अशी गर्जना करून तो दुकानात शिरतो आणि सर्वांत स्वस्त कोरी गिटार घेऊन बाहेर पडतो. माझं भांडण आहे ते याच्याशी.

पानशेतच्या शाखेत व्हाउचरं लिहिणाऱ्यानं या भानगडीत का पडावं? पानशेत म्हटलं की पुणेकराला १२ जुलै १९६१ आठवतो, नाहीतर रविवारची कांदाभजी. पण गिटारचं वेड काही धरणाच्या भिंतीला अडत नाही. आमच्या हेडकॅशियरांच्या चिरंजीवांनाही ते लागलं आहे. परवा ते म्हणाले, "अहो, कुणाच्या घामाची गिटार पोराच्या हातात कशी द्यायची?" मी म्हटलं, "रावसाहेब, दिवसभर तुम्ही मोजता त्या नोटा काय सगळ्या कोऱ्या असतात? मळकी पाचशेची नोट साडेचारशेला घेता का?"

मी कॉमर्सचा पदवीधर. घसारा ही एकच गोष्ट मला नीट समजली आहे. कोरी गिटार दुकानाचा उंबरठा ओलांडते, त्याच क्षणी पहिला घसारा लागतो. तो पहिल्या मालकानं सोसावा आणि आपण दुसरं व्हावं, यातच शहाणपण आहे. बरं, गिटार म्हणजे काही मोबाईल नव्हे, की दोन वर्षांत कालबाह्य झाली. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली. आजही दुकानांत निम्म्या गिटारी तिच्याच वळणाच्या दिसतात. तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे, एवढंच तिचं रहस्य. तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. अंगावरच्या ओरखड्याचा आवाजाशी संबंध नाही. आपण मात्र पैसे मोजतो ते नेमके त्या रंगालाच!

आणि आत काय असतं? फ्रेटची टोकं बोटांना करवतीसारखी लागतात, तारा वाळत घालण्याच्या दोरीइतक्या उंच, आणि खुंट्या अशा सैल की गाणं संपायच्या आत सूर उतरतो. पोराची बोटं सोलतात, महिन्याभरात गिटार कपाटावर जाते आणि आपण जाहीर करतो, "याला चिकाटीच नाही!" नापास होतं वाद्य आणि लाल शेरा पडतो पोराच्या प्रगतिपुस्तकावर. माझा राग आहे तो याचा. पैसे काय, पुन्हा मिळतील.

जुन्याच्या बाजूनं माझा एक मोठा साक्षीदार आहे. पसरणी घाटाच्या वर, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फरोख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या 'क्वीन'मध्ये गिटार वाजवणाऱ्या ब्रायन मेनं १९६३ साली वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. तिची मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या आणि पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. तीच गिटार तो जन्मभर वाजवत आला. तिला "कोरी आहे का?" असं कुणी विचारलं नाही.

अर्थात जुनं म्हणजे डोळे मिटून नव्हे. कर्जदाराचा जामीनदार तपासतो तशी गिटार तपासावी. सुतार फळी पाहतो तसा एक डोळा मिटून मानेचा बाक पाहावा. बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर आणि तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून येणारा सूर जुळतो का, ऐकावं. तिथं तारेची उंची दोन मिलिमीटरच्या आसपास असावी. फ्रेटवर खोल चऱ्या असतील, किंवा डोकं मोडून चिकटवलेलं असेल, तर नमस्कार करून निघावं. बटणं खरखरली तर घाबरू नये; बहुधा धूळ असते. यामाहाची पॅसिफिका किंवा फेंडरच्या घरातली धाकटी पाती स्क्वायर, अशी वापरलेली मिळाली तर बघायला जरूर जावं. आणि जाणकार शेजारी नसेल तर नवीच घ्यावी, पण दुकानदाराकडून बसवून, वाजवून. मात्र फोटो पाहून अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नयेत. हे मी गिटारवाला म्हणून नव्हे, बँकवाला म्हणून सांगतो.

पंधरा हजार हातात असतील तर सगळे गिटारवर उधळू नका. नऊ गिटारला, चार छोट्या अँप्लिफायरला, उरलेले दोन नव्या तारांना, वायरला आणि कारागिराला. आमच्या पानशेतच्या पावसात तारा गंजतात, मान वाकते. तिथं हा कारागीरच उपयोगी पडतो, खोक्यावरचं कोरं वेष्टन नव्हे. वीज गेली तरी काळजी नको. विजेविना ही गिटार कुजबुजते, आणि शेजारी दुवा देतात.

तेव्हा वाचकहो, पोराला कोरं काही द्यायचीच हौस असेल, तर तारांचा संच कोरा द्या. तेवढ्यात तुमची हौस भागेल, आणि पोर तिसऱ्या महिन्यातही वाजवत बसलेलं दिसेल.