लिलावातील स्वस्त मोटार आणि न दिसणारे पाणी

पूर ओसरला की पंचनामे सुरू होतात, विमा कंपन्यांचे सर्व्हेअर फिरू लागतात आणि काही आठवड्यांतच चिखलाने माखलेल्या मोटारींच्या रांगा एखाद्या मोकळ्या मैदानावर उभ्या राहतात. तेथून या मोटारी कोठे जातात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पेट्रोल-डिझेलच्या मोटारींच्या बाबतीत हे दुर्लक्ष नव्या मालकाच्या खिशाला चाट लावून थांबत असे. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बाबतीत मात्र ते त्याच्या शेजाऱ्यांच्याही जिवावर बेतू शकते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने याचा अनुभव घेतला आहे. दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या महाराष्ट्रातील शहरांनी त्यातून वेळीच बोध घेणे हिताचे ठरेल.

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर 28 सप्टेंबर 2022 रोजी 'इयान' हे चक्रीवादळ धडकले. समुद्राचे पाणी वस्त्यांमध्ये आणि गॅरेजमध्ये शिरले. वाहनांच्या इतिहासाची माहिती पुरविणाऱ्या 'कारफॅक्स' या कंपनीने या वादळात नुकसान झालेल्या वाहनांची संख्या 3 लाख 58 हजारांपर्यंत असू शकते, असा अंदाज वर्तविला होता. त्यात विजेवरील मोटारी 3 ते 5 हजार होत्या आणि त्यांपैकी सुमारे 36 मोटारींनी पेट घेतला, असे अमेरिकी वाहतूक सुरक्षा यंत्रणेची आकडेवारी सांगते. काही मोटारी तर ओढून नेल्या जात असतानाच पेटल्या.

हे प्रमाण शंभरात एक, म्हणजे वरवर पाहता फारच कमी आहे. बहुतांश मोटारी पेटल्या नाहीत, हेही तितकेच खरे. परंतु पेटणारी मोटार कोणती, हे आधी ओळखता येत नाही, आणि आग पाणी ओसरल्यानंतर काही दिवसांनी, प्रसंगी काही आठवड्यांनीही लागू शकते. म्हणूनच बुडालेली विजेवरील मोटार इमारतींपासून आणि अन्य वाहनांपासून किमान 50 फूट दूर ठेवावी, असा तेथील यंत्रणेचा सल्ला आहे.

मीठ मागे राहते

या विलंबामागे साधे रसायनशास्त्र आहे. मोटारीचा बॅटरी पॅक तळाशी, म्हणजे पाणी सर्वांत आधी पोहोचते तेथेच बसविलेला असतो. तो जलरोधक असला, तरी अनेक पॅकना लागू असलेल्या 'आयपी 67' या प्रमाणाचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकाव धरणे एवढाच आहे. दोन दिवस खाऱ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारीला या प्रमाणपत्राचा आधार पुरत नाही. एकदा पाणी आत शिरले की ते वाळून जाते, पण मीठ मागे राहते. हे मीठ विजेला आडवाट करून देते, जोड गंजवते आणि एखाद्या सेलमध्ये शॉर्टसर्किट घडवून आणते. तो सेल तापला की शेजारचा तापतो आणि मग ही साखळी थांबविणे अवघड होते. विझलेली वाटणारी आग पुन्हा भडकते, तीही याचमुळे.

दोष नेहमी मोठ्या बॅटरीतच असतो, असेही नाही. ऑक्टोबर 2012 मधील 'सँडी' वादळानंतर न्यू जर्सीतील नेवार्क बंदरात 'फिस्कर कर्मा' या बनावटीच्या 16 मोटारी जळून गेल्या होत्या. त्या वेळी कंपनीने काढलेल्या निष्कर्षानुसार, आगीचे मूळ लिथियम बॅटरीत नव्हते. कमी दाबाच्या विजेवर चालणाऱ्या एका नियंत्रण यंत्रणेत खाऱ्या पाण्याने झालेली गंज त्याला कारणीभूत ठरली होती. मोटारीत एकदा समुद्र शिरला की कोणता भाग निर्धोक राहिला, हे छातीठोकपणे सांगणे कठीण असते, हाच याचा अर्थ.

किंमत पडते, जोखीम सरकते

अमेरिकेत दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या किमतीच्या ठरावीक प्रमाणापलीकडे गेला, की विमा कंपनी ती 'टोटल लॉस' ठरवते, मालकाला भरपाई देते आणि मोटार लिलावगृहाकडे सोपविते. या व्यवसायातील बडी कंपनी असलेल्या 'कोपार्ट'ने 2003 मध्येच आपले लिलाव इंटरनेटवर नेले. छायाचित्रे, चेसिस क्रमांक आणि नुकसानीच्या रकान्यात 'पाणी' एवढी नोंद पाहून जगाच्या दुसऱ्या टोकाचा व्यापारी बोली लावू शकतो. मोटार 'आहे तशी' विकली जाते. बॅटरी पॅक उघडून पाहण्याची सोय बोली लावणाऱ्याला नसते. अशा मोटारीची किंमत पडते ती विक्रेता उदार असतो म्हणून नव्हे. जी जोखीम मोजता येत नाही, ती खरेदीदाराच्या गळ्यात जाते म्हणून.

जाणकारांना हे ठाऊक आहे. मॅसेच्युसेट्समधील रिच बेन्वा यांनी पाण्यात बुडालेली टेस्ला विकत घेऊन पुन्हा रस्त्यावर आणली आणि त्यांच्या चित्रफिती जगभर गाजल्या. परंतु त्यांनी त्यासाठी अपघातात सापडलेली दुसरी टेस्ला घेऊन तिचे भाग वापरले, हा तपशील अनेक उत्साही अनुयायांच्या नजरेतून सुटतो. बुडालेल्या मोटारीतील सांगाडा, दारे आणि काचा यांना मोल असते. बॅटरीचे मात्र तसे नाही. विजेवरील मोटारीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचाच असल्यामुळे ती नवी घ्यावी लागली, की लिलावातील बचत तेथेच संपते. शिवाय उत्पादकाची बॅटरीवरील हमी पुरात झालेल्या नुकसानीला सहसा लागू होत नाही.

तरीही अमेरिकेत निदान कागदावर माग राहतो. टोटल लॉस झालेल्या मोटारीच्या मालकीपत्रावर 'सॅल्व्हेज' किंवा 'फ्लड' असा शिक्का बसतो आणि देशव्यापी नोंदवहीत त्याची माहिती जाते. या व्यवस्थेला भोके आहेतच. राज्याराज्यांचे नियम वेगळे असल्याने एका राज्यातील मोटार दुसऱ्या राज्यात नोंदवून शिक्का पुसून टाकण्याचे प्रकार तेथे घडतात. अनेक मोटारी जहाजाने जॉर्जिया, युक्रेन यांसारख्या देशांत जातात आणि सीमा ओलांडली की शिक्क्याचे वजन कमी होते. पण ज्याला शोधायचे आहे, त्याला चेसिस क्रमांकावरून शोधता येते.

आपल्याकडे शिक्काच नाही

भारतात जुन्या मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध असल्याने फ्लोरिडातील मोटारी येथे येण्याचा धोका नाही. पण पूर आपल्याकडेही येतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा विजेवरील मोटारी रस्त्यांवर जवळपास नव्हत्याच. त्यानंतर 2021 मध्ये चिपळूण, 2023 मध्ये नागपूर आणि जुलै 2024 मध्ये पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्याखाली गेली आणि या काळात विजेवरील मोटारींची संख्या वाढतच राहिली. गोडे पाणी खाऱ्याइतके घातक नसते, हे खरे. पण भरतीच्या वेळी मुंबईच्या नाल्यांतून उलटे येणारे पाणी गोडे कसे म्हणायचे?

आपल्याकडेही दुरुस्तीचा खर्च विमा उतरविलेल्या मूल्याच्या 75 टक्क्यांहून अधिक झाल्यास मोटार टोटल लॉस मानली जाते आणि असे अवशेष ऑनलाइन लिलावात विकले जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 नुसार, वाहन नष्ट झाल्यास किंवा कायमचे निकामी झाल्यास मालकाने 14 दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक आहे. परंतु दुरुस्त होऊ शकणारी मोटार या व्याख्येत बसत नाही. तिची नोंदणी कायम राहते आणि आरसीवर 'ही मोटार टोटल लॉस झाली होती' अशी कोणतीही खूण उमटत नाही. नवी सीट कव्हरे, पॉलिश आणि थोडे वायरिंग झाले की ती पुन्हा बाजारात उभी राहते. डिसेंबर 2022 च्या अधिसूचनेने जुन्या मोटारींच्या विक्रेत्यांना अधिकृत नोंदणीच्या चौकटीत आणले खरे. पण ती चौकट मोटारीच्या मालकीचा माग ठेवते, तिच्यात शिरलेल्या पाण्याचा नव्हे.

उपाय अशक्यप्राय नाहीत. विमा कंपनीने टोटल लॉसचा दावा मंजूर करताच 'वाहन' प्रणालीत तशी कायमस्वरूपी नोंद व्हावी, हा पहिला. बुडालेल्या मोटारीचा सांगाडा आणि बॅटरी यांचा एकत्र लिलाव होऊ नये, हा दुसरा. बॅटरी परत घेण्याची आणि तिच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकलेलीच आहे. पुरात सापडलेल्या बॅटरीला त्याच मार्गाने पाठविता येईल.

तोपर्यंत ग्राहकाला स्वतःच सावध राहावे लागेल. विक्रेत्याकडून मागील तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागाव्यात आणि 'नो क्लेम बोनस' एकाएकी शून्य झाला असल्यास त्याचे कारण विचारावे. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्यावर चिखलाची रेषा आहे का, हे पाहावे आणि बॅटरीच्या इन्सुलेशनची चाचणी अधिकृत सेवा केंद्रातूनच करून घ्यावी. ही चाचणी नाकारणाऱ्याची मोटार, किंमत कितीही मोहात पाडणारी असली, तरी घेऊ नये.

स्वस्तात मोटार घेण्याची जोखीम पत्करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मात्र ती मोटार रात्री सोसायटीच्या तळघरात, चार्जिंगला जोडलेल्या अवस्थेत उभी राहते आणि तिच्यावर शंभर बिऱ्हाडे झोपलेली असतात. त्यांना त्या मोटारीचा इतिहास कोणी सांगितलेला नसतो. तो आरसीवर नोंदविण्याची जबाबदारी सरकारची आहे आणि ती पार पाडण्यासाठी पहिल्या दुर्घटनेची वाट पाहण्याचे कारण नाही.