खाऱ्या टाकीचा दगड

म्हैसूरपासून समुद्र लांब, तरी घरात रीफ टँक हवाय? मग मासे नंतर, आधी दगड! चामुंडी टेकडीचा ग्रॅनाइट दिसतो देखणा, पण भरीव. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू सच्छिद्र दगडात जास्त मावतात. मालवणच्या सहलीत सापडलेला प्रवाळाचा तुकडा मात्र नकोच. रीफ बांधणाऱ्या प्रवाळांना २००१पासून वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे.

दुकानातून कोरडा चुनखडीचा दगड घ्या. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फेसाळला, तर चुनखडीच. ब्रशने घासा, धुवा, मग रीफ सॉल्टच्या पाण्यात ठेवा (स्वयंपाकाचं मीठ चालत नाही). जिवाणूंच्या खुराकासाठी कोळंबीचा तुकडा टाका. वास येईल, घरचे ओरडतील! टेस्ट किटवर अमोनिया वाढून पुन्हा शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य झालं, की पहिला मासा. यात महिना-दीड महिना सहज जातो.