श्रवणयंत्रानंतरचे दान

आपल्या परंपरेत ज्ञानाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत मतिज्ञानानंतर श्रुतज्ञान येते. 'श्रुत' म्हणजे ऐकलेले. कित्येक शतके आगमवाणी गुरुमुखातून शिष्याच्या कानी अशीच पोहोचली. म्हणूनच, जे बालक जन्मतः ऐकू शकत नाही त्याच्यापर्यंत भाषा कशी न्यावी, हा प्रश्न आपणांस परका वाटू नये.

पहिल्या महिन्यात श्रवणतपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाययोजना, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या बालकांची भाषा उशिरा निदान झालेल्यांहून सरस आढळली. आपल्याकडे मात्र "याचे काकाही उशिराच बोलले" असे म्हणत वर्षे निघून जातात. कधी सोयरिकीच्या भीतीने मूल लपवलेही जाते.

निदानानंतरही अडचण उरते. तालुक्याच्या गावी तज्ज्ञ नसतो. दुकान बंद ठेवून दर आठवड्यास शहर गाठणे किती काळ जमणार? या अडचणीवर जुने उत्तर आहे. अभिनेते स्पेन्सर ट्रेसी यांच्या पत्नी लुईस यांचा पुत्र जॉन कर्णबधिर होता. त्यांनी १९४२ मध्ये लॉस एंजेलिस येथे संस्था स्थापिली आणि दूरच्या पालकांसाठी टपालाने विनामूल्य पाठ पाठविण्यास आरंभ केला. बालकाचा पहिला शिक्षक त्याचे घरच, हे त्यामागील सूत्र होते.

टपालाचे ते काम आज मोबाइलवरील चित्रसंवाद अधिक समर्थपणे करतो. आई बाळाला भरवत असते, फोन समोर ठेवलेला असतो आणि शिक्षिका दुरून पाहते. ती बाळाला शिकवीत नाही, आईला शिकविते: पंखा व दूरदर्शन बंद करा, हातभर अंतरावर बसा, वस्तूचे नाव घ्या, मग थांबा, बाळाला प्रत्युत्तराची संधी द्या. आ, ई, ऊ, म, श, स या सहा ध्वनींनी रोज सकाळी यंत्र पारखण्याची रीतही ती दाखविते. ज्यांनी सांकेतिक भाषेचा मार्ग निवडला, त्यांना कर्णबधिर शिक्षकाचे हात प्रत्यक्ष पाहता येतात. आजी-आजोबाही सोबत बसू शकतात, हा लाभ दवाखान्यात कोठे?

अर्थात, श्रवणतपासणी आणि कानाचा साचा यांसाठी प्रत्यक्ष जावेच लागते. वाढत्या बाळाचा साचा वरचेवर बदलावा लागतो. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात कार्यरत आहे.

आपल्या समाजात श्रवणयंत्रवाटपाची शिबिरे होतात, ती स्तुत्यच आहेत. त्यास औषधदान म्हणावे. परंतु यंत्र ध्वनी देते, भाषा देत नाही. भाषा येते ती महिनोन् महिने चाललेल्या मार्गदर्शनातून; ते ज्ञानदान होय. भांडवल घालून दुकान उघडावे आणि गादीवर कोणी बसूच नये, असा व्यवहार कोणता व्यापारी करील? तेव्हा प्रत्येक यंत्राबरोबर त्या कुटुंबाच्या दोन वर्षांच्या साप्ताहिक पाठांचा व इंटरनेटचा खर्चही ट्रस्टांनी उचलावा. आणि घरी बाळ जन्मले की नामकरणाच्या आधी त्याची श्रवणतपासणी झाली ना, एवढे प्रत्येक आजोबांनी विचारावे.

जय जिनेंद्र.