बॉडी सर्वांत शेवटी

ऑफिसात माझ्या डेस्कपाशी दोन प्रकारचे लोक येतात. काहींचा बिल्ड फुटलेला असतो, काहींना बोनस मिळालेला असतो. दुसरे जास्त त्रास देतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "वाइल्डलाइफसाठी कुठला मिररलेस घेऊ? बजेट तीन लाख." मी विचारतो, नक्की कशाचे फोटो काढणार? "वाइल्डलाइफचे." म्हणजे? "म्हणजे ताडोबा, भिगवण... बघू." आणि फोन पुढे येतो. फोनवर एक्सेल शीट असते. डावीकडे कॅमेऱ्यांची नावं, वरच्या ओळीत मेगापिक्सेल, सेकंदाला किती फ्रेम्स, आयएसओ कुठपर्यंत, बफर किती. आम्ही सॉफ्टवेअरवाले तक्ता केल्याशिवाय मिक्सरसुद्धा घेत नाही.

माझं म्हणणं असं आहे की हा तक्ताच चुकीचा आहे. त्यातले आकडे बरोबर आहेत, पण रकाने चुकीचे आहेत. अंतराचा रकाना नाही, उजेडाचा नाही, वजनाचा नाही. लेन्स तर तक्त्यात कुठेच नसते. ती 'नंतर बघू' या सदरात जाते. आणि या चुकीची किंमत फक्त विकत घेणारा मोजत नाही.

हे मी वरच्या पायरीवर उभं राहून सांगत नाहीये. तीन वर्षांपूर्वी मी हेच केलं. रात्र रात्र रिव्ह्यू पाहिले आणि बारा हप्त्यांवर २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम मिररलेस घेतला. बॉडीत पैसे संपले, म्हणून उरलेल्यातून ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारा एक झूम. "पुढे अपग्रेड करता येईल," असं दुकानदार म्हणाला आणि मीही स्वतःला तेच म्हणालो.

जानेवारीतल्या एका पहाटे मी उजनीच्या बॅकवॉटरमध्ये, कुंभारगावच्या बाजूला, होडीत बसलो होतो. समोर कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबला होता. हा पक्षी पाण्याकडे चोच करून असा थांबतो आणि मग दगडासारखा खाली पडतो. कॅमेऱ्याने त्याचा डोळा लगेच शोधला, बारीक चौकोन डोळ्यावर चिकटून राहिला. मी खटाखट शंभरेक फोटो काढले. रात्री घरी येऊन लॅपटॉपवर पाहिले तर खंड्या होता, पण टिकलीएवढा.

हिशेब सोपा आहे, घेण्याआधीच करायला हवा होता. पक्षी साधारण २५ सेंटिमीटरचा, अंतर ३० मीटर. ३०० मिलिमीटर लेन्स त्याची प्रतिमा सेन्सरवर अडीच मिलिमीटरची पाडते. माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे सहा मायक्रॉनचा. म्हणजे ६००० पिक्सेल रुंद फोटोत माझा खंड्या जेमतेम ४२० पिक्सेलचा. त्याच होडीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्याकडे जुना, आरसावाला, २४ मेगापिक्सेलचाच पण क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर होता आणि त्यावर १५०-६०० झूम. त्यांच्या सेन्सरवर तोच पक्षी पाच मिलिमीटरचा, आणि पिक्सेल लहान असल्यामुळे जवळजवळ १,२८० पिक्सेलचा. क्षेत्रफळाच्या हिशेबाने माझ्या नऊपट तपशील. त्यांची बॉडी सेकंडहँड बाजारात माझ्या बॉडीच्या एक चतुर्थांश किमतीला मिळाली असती.

इथे कुणीतरी म्हणणारच, "पण कमी उजेडात फुल-फ्रेमच." हे वाक्य मराठीत, हिंदीत, इंग्रजीत मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं सुभाषित झालंय. ते अर्धंच खरं आहे. मोठा सेन्सर जास्त उजेड गोळा करतो, पण कधी? तो मोठा सेन्सर तुम्ही भरता तेव्हा. पक्षी चौकटीच्या मधोमध एवढासा असेल आणि बाकीचं आकाश तुम्ही कापून टाकणार असाल, तर त्या कापलेल्या भागावर पडलेला उजेडही तुम्ही फेकून देता. एकच लेन्स, एकच अंतर, एकच शटर आणि एकच अ‍ॅपर्चर असेल, तर पक्ष्याची प्रतिमा दोन्ही सेन्सरवर मिलिमीटरमध्ये तेवढीच पडते आणि तिच्यावर उजेडही तेवढाच पडतो. मग फुल-फ्रेमचा फायदा गेला कुठे? कापलेल्या आकाशात.

दूरच्या पक्ष्याकडून किती उजेड येणार हे लेन्सचं तोंड ठरवतं. फोकल लांबीला एफ-आकड्याने भागा. ३०० भागिले ६.३ म्हणजे ४८ मिलिमीटर. ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५ मिलिमीटर. व्यास दुप्पट, म्हणून उजेड चौपट. ही चौपट वाढ कुठल्याही नव्या बॉडीत मिळत नाही. पण लेन्सवर 'नवं एआय इंजिन' असं लिहिता येत नाही, म्हणून रिव्ह्यू बॉडीचे होतात आणि हप्तेही बॉडीचेच पडतात.

आता दुसरं सुभाषित: फ्रेम्स पर सेकंद. सोनीचा ए९-३ सेकंदाला १२० फोटो काढतो, निकॉनचा झेड९ पूर्ण आकाराचे २० रॉ फोटो काढतो. हे इंजिनीअरिंग थक्क करणारं आहे, यात वाद नाही. पण सेकंदाला २० म्हणजे दहा सेकंदांत २०० फोटो. एका सकाळी मी ३,४०० फोटो घेऊन आलोय, आणि त्यानंतरच्या तीन संध्याकाळी ऑफिसमधून येऊन त्यातले ३,३८० उडवत बसलोय. त्यातून एक गोष्ट कळली. जे २० उरले ते वेगामुळे उरले नव्हते. नावाड्याने आधीच सांगितलं होतं की सुरय या काठावरून वाऱ्याच्या विरुद्ध येईल आणि त्या खुंटापाशी वळेल. मी खुंटापाशी फोकस धरून बसलो होतो, एवढंच.

वेगाबद्दल विचारायचाच असेल तर वेगळा प्रश्न विचारायला हवा: सेन्सर एकदा वरपासून खालपर्यंत वाचायला किती वेळ लागतो? हा आकडा बहुतेक जाहिरातींत नसतो. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. कॅननच्या आर७ सारख्या साध्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात या वाचनाला सेकंदाचा साधारण तिसावा भाग लागतो. तुम्ही शटर १/३२०० ठेवलंत तरी वरची ओळ आणि खालची ओळ यांत तेवढं अंतर राहतंच. तेवढ्यात पंख खाली आलेला असतो, बॅट वळलेली असते, आणि फोटोत दोन्ही वाकडे दिसतात. झेड८ आणि झेड९ यांच्या स्टॅक्ड सेन्सरमध्ये हेच वाचन चार मिलिसेकंदांच्या आत होतं. ए९-३ मध्ये सगळा सेन्सर एकदम टिपला जातो, ओळींची भानगडच नाही. आर७ वाईट आहे असं यातून निघत नाही. त्याच्या मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फोटो निघतात आणि पंख सरळ येतात. मात्र तक्त्यातल्या '३०' या आकड्यामागे काय दडलंय हे माहीत हवं.

मिररलेसच्या विरोधात मी नाही. डोळा ओळखणारा फोकस ही खरी क्रांती आहे. डीएसएलआरमध्ये फोकसचे बिंदू चौकटीच्या मधल्या भागात दाटलेले असायचे, आणि बॉडी व लेन्स यांचं जमत नसेल तर फोकस पापणीवर न बसता कानावर बसायचा. ते दुखणं गेलं. २०१७ च्या सोनी ए९ पासून फोटो काढताना काळा न होणारा व्ह्यूफाइंडर मिळायला लागला. उडत्या भिंगरीच्या मागे कॅमेरा फिरवताना त्याची किंमत कळते. साध्या सेन्सरवर बर्स्ट सुरू झाला की तुम्ही नुकत्याच होऊन गेलेल्या क्षणांचा स्लाइडशो पाहत असता. ज्याला उडते पक्षीच टिपायचे आहेत त्याने स्टॅक्ड सेन्सरसाठी पैसे मोजावेत, जरूर मोजावेत. मोठ्या सेन्सरचीही जागा आहे. वाघ जिप्सीपासून पंधरा मीटरवर बसलाय, किंवा तालुक्याच्या हॉलमध्ये कबड्डीचा सामना आहे, तिथे चौकट भरते. कबड्डीला ६०० मिलिमीटरचं काही काम नाही, एफ/१.८ ची ८५ मिलिमीटर लेन्स आणि फुल-फ्रेम घ्या. शिवाय हॉलमधले स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक शटरवर पट्टे उमटतात, तेव्हा मेकॅनिकल शटर असलेली बॉडी बघा. म्हणजे 'वाइल्डलाइफ आणि अ‍ॅक्शन' हा एक प्रकार नाहीच. त्यात निदान तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

आता त्या किमतीबद्दल, जी घेणारा मोजत नाही.

त्याच सकाळी खंड्यानंतर रोहित पक्ष्यांचा थवा दिसला. उथळ पाण्यात माना खाली घालून चरत होते. माझ्या ३०० मिलिमीटरमध्ये गुलाबी ठिपके. मी म्हणालो, "दादा, अजून थोडं पुढे." ते थोडं गेले. "अजून थोडं." त्यांनी वल्हं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणालो. पैसे मी दिले होते, दिवस मला एकच मिळाला होता. माना वर झाल्या, सगळे एका दिशेला चालायला लागले, आणि उडाले. शिक्षिकाबाईंनी काही न बोलता कॅमेरा मांडीवर ठेवला. होडी वळवताना दादा एवढंच म्हणाले, "सायेब, लेन्स कमी पडली तुमची."

रागावून नाही, निदान केल्यासारखं म्हणाले. रोज दहा-बारा कॅमेरे त्यांच्या होडीत बसतात. त्यांना लेन्स ओळखता येतात. कमी पडलेले ३०० मिलिमीटर मी त्या थव्याकडून वसूल केले होते. लांबच्या प्रवासात चरायला मिळालेली सकाळ त्यांनी माझ्या चुकीच्या खरेदीपायी सोडली. ताडोबात ड्रायव्हरला "पुढे घे, पुढे घे" म्हणणाऱ्या जिप्सीतही मला आता तोच तक्ता दिसतो. सगळेच काही उद्दाम नसतात. पुष्कळांनी फक्त पैसे चुकीच्या रकान्यात टाकलेले असतात आणि उरलेलं अंतर ते गाडीने कापतात.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी ठरवा: काय टिपायचं, किती अंतरावरून, किती वाजताच्या उजेडात. मग लेन्स. मग ती लेन्स तासभर हातात धरून बघा. सोनीची २००-६०० दोन किलोच्या पुढे आहे, कॅननची १००-५०० चौदाशे ग्रॅमच्या आत, ओएमची ३०० एफ/४ सव्वा किलोच्या आसपास. जी लेन्स जड म्हणून कपाटात राहते तिची फोकल लांबी शून्य. पुण्या-मुंबईत सगळं भाड्याने मिळतं; दोन शनिवार-रविवार भाड्याने घ्या आणि मगच विकत घ्या. सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत जी बॉडी बसेल ती घ्या, सेकंडहँड चालेल. बॉडी दर दोन वर्षांनी जुनी होते, चांगली लेन्स पंधरा वर्षं चालते. 'फ्युचर-प्रूफ' हा शब्द वापरायचाच असेल तर तो लेन्सला लावा.

गेल्या आठवड्यात हे सगळं एका सहकाऱ्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि फोन पुढे केला. "ते सगळं ठीक आहे रे. पण यांतला कुठला?"

मी त्याच्या शीटमध्ये सर्वांत डावीकडे एक नवा रकाना घातला आणि वर लिहिलं: 'पक्षी किती लांब असेल?' ते भरून आण म्हटलं. अजून आलेला नाही.