ना क्लच, ना गिअर : हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर शिकायला सोपा, मग धोका कुठं आहे?

वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला विचारा, "ट्रॅक्टर कुठं शिकला?" उत्तर जवळपास ठरलेलं असतं. आधी काकाच्या बाजूला मडगार्डवर बसून, मग रिकाम्या वावरात, मग एक दिवस मागं कल्टिवेटर लावून. शिकवणी लावली, परीक्षा दिली, असं सांगणारा क्वचितच भेटतो.

या सगळ्या शिकण्यात निम्मा जीव क्लचमध्ये अडकलेला असतो. क्लच झटक्यात सोडला की ट्रॅक्टर उडी मारतो. चढावर चुकीचा गिअर पडला की बंद पडतो आणि बांधावरची माणसं हसतात.

आता समजा, क्लच नाही आणि सारखा गिअर बदलायची भानगडही नाही, असा ट्रॅक्टर समोर आला. पायाखाली फक्त पेडल. पुढं दाबलं की ट्रॅक्टर पुढं, मागं दाबलं की मागं आणि पाय उचलला की थांबला. नवखा माणूस दहा मिनिटांत चालवायला लागेल.

यालाच हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन म्हणतात. आणि खरी गोष्ट या दहा मिनिटांनंतर सुरू होते.

हायड्रोस्टॅटिक म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनची ताकद दातेरी चाकांतून, म्हणजे गिअरमधून, मागच्या चाकांपर्यंत जाते. गिअर बदलताना ही साखळी क्षणभर तोडावी लागते. ते काम क्लचचं.

हायड्रोस्टॅटिकमध्ये हे काम तेल करतं. इंजिन एक पंप फिरवतं. पंप दाबाखाली तेल ढकलतो. ते तेल हायड्रॉलिक मोटर फिरवतं आणि मोटर चाकं फिरवते. पंपात एक तिरपी होणारी तबकडी असते. तुम्ही पेडल दाबता तेव्हा ही तबकडी कलते. जास्त कलली की जास्त तेल, म्हणजे जास्त वेग. सरळ उभी राहिली की तेल थांबलं, ट्रॅक्टर थांबला. उलट बाजूला कलली की तेलाची दिशा उलटली, म्हणजे रिव्हर्स.

शेतीच्या ट्रॅक्टरसाठी ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं १९६७ मध्येच असा ट्रॅक्टर बाजारात आणला होता. तिकडं आज छोट्या ट्रॅक्टरमध्ये ही सोय सर्रास मिळते. आपल्या महिंद्रा कंपनीचे अमेरिकेत विकले जाणारे अनेक छोटे ट्रॅक्टरही हायड्रोस्टॅटिक आहेत.

भारतात मात्र बहुतांश ट्रॅक्टर आजही गिअरवालेच आहेत. हायड्रोस्टॅटिक यंत्रणा आपल्याकडं जास्त दिसते ती काही हार्वेस्टरमध्ये आणि भात लावणीच्या यंत्रांमध्ये. कुबोटाचा हार्वेस्टर हे त्याचं ठळक उदाहरण.

मग हे आत्ताच का समजून घ्यायचं?

कारण ट्रॅक्टर झपाट्यानं वाढतायत आणि बदलतायतही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात नऊ लाखांहून जास्त ट्रॅक्टर विकले गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. महिंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये ओजा ही हलक्या ट्रॅक्टरची मालिका आणली. जपानी भागीदारासोबत तयार केलेली ही मालिका भारतासोबत परदेशी बाजारांसाठीही आहे. मजूर मिळत नाहीत, वाटण्या होऊन वावरं लहान होतायत, त्यामुळं छोट्या आणि सोप्या यंत्रांकडं ओढा वाढणार हे उघड आहे.

वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा. काढणीच्या दिवसांत इथं हार्वेस्टरही दिसतात. म्हणजे इथल्या तरुणाची हायड्रोस्टॅटिकशी पहिली गाठ ट्रॅक्टरवर पडण्याआधी हार्वेस्टरच्या सीटवर पडू शकते.

शिकताना काय बदलतं?

हातापायांना लागलेल्या जुन्या सवयी नव्या यंत्रावर दगा देतात. अशा चार सवयी बघू.

पहिली सवय : जोर कमी पडला की पाय दाबायचा. मोटरसायकल आणि कारनं आपल्याला हेच शिकवलंय. हायड्रोस्टॅटिकचं पेडल ॲक्सिलरेटरसारखं दिसतं, पण ते ॲक्सिलरेटर नाही. इंजिनचे फेरे हातातल्या थ्रॉटलनं ठरतात, पेडल फक्त चाकांचा वेग ठरवतं. चढावर इंजिन दबायला लागलं आणि तुम्ही पेडल आणखी दाबलं, तर इंजिनवरचा भार वाढतो आणि ते बंद पडतं. इथं पाय थोडा उचलायचा असतो. म्हणजे वेग कमी आणि ताकद जास्त. बहुतेकांची सुरुवातीला चूक होते ती इथंच.

दुसरी सवय : थांबला म्हणजे सगळं थांबलं. ही सगळ्यात धोक्याची. रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र ज्या शाफ्टवर चालतं, तो पीटीओ साधारण मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ९. सिंगल क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला की चाकं आणि पीटीओ दोन्हींची ताकद एकदम तुटते. हायड्रोस्टॅटिकमध्ये पाय उचलला की फक्त चाकं थांबतात, पीटीओ फिरतच राहतो. ट्रॅक्टर उभा आहे म्हणून कुणी मागं अडकलेला पालापाचोळा काढायला गेलं, तर दुपट्टा किंवा शर्टाची बाही गुंडाळायला त्या शाफ्टला एक सेकंदही लागत नाही.

तिसरी सवय : गिअरमध्ये टाकून ठेव, हलणार नाही. उतारावर ट्रॅक्टर लावताना गावात हा सल्ला हमखास मिळतो. गिअरच्या ट्रॅक्टरवर त्याचा थोडाफार आधार असतो. हायड्रोस्टॅटिकमध्ये इंजिन बंद झालं की आतलं तेल हळूहळू झिरपतं आणि ट्रॅक्टर सरकू शकतो. त्यामुळं पार्किंग ब्रेक लावणं इथं सक्तीचंच समजायचं.

चौथी सवय : उतारावर पटकन पाय काढायचा. भरलेली ट्रॉली मागं असताना पेडल एकदम सोडलं, तर ट्रॅक्टर जोरात आवळला जातो, पण ट्रॉली ढकलतच राहते. चाकं घसरतात किंवा ट्रॉली आडवी होते. उतरायच्या आधीच लो रेंज टाकायची आणि पाय हळूहळू उचलायचा. ही रेंज बदलतानाही ट्रॅक्टर पूर्ण उभा पाहिजे.

सीटवरून उतरण्याचा क्रम मात्र कुठल्याही ट्रॅक्टरला तोच : पीटीओ बंद, अवजार खाली, पार्किंग ब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात.

काळ्या मातीत हे चालेल का?

इथं स्वप्नं विकणाऱ्यांपासून जरा सावध राहा. तेलातून ताकद नेताना तिचा काही भाग उष्णतेत वाया जातो. ढोबळमानानं बोलायचं तर गिअरमध्ये दहावा हिस्सा जात असेल, तर हायड्रोस्टॅटिकमध्ये पाचवा किंवा त्याहून जास्त. भारी काळ्या जमिनीत पलटी नांगर तासन् तास ओढायचा असेल, तर हा तोटा थेट डिझेलच्या बिलात दिसतो. सोयाबीनच्या पेरणीतही एकाच वेगानं सरळ जायचं असतं. तिथं गिअरवाला ट्रॅक्टर कुठंच कमी पडत नाही.

म्हणूनच मोठ्या ट्रॅक्टरमध्ये कंपन्यांनी मधला मार्ग काढला. जर्मनीच्या फेंट कंपनीनं १९९५ मध्ये आणलेल्या व्हॅरिओत तेल आणि गिअर दोन्ही मिळून काम करतात.

निव्वळ हायड्रोस्टॅटिकचा फायदा कुठं? जिथं सारखं पुढं-मागं करावं लागतं, वेग सतत बदलावा लागतो. संत्र्याच्या बागेतली फवारणी, लोडरनं शेणखत भरणं, गोठ्यातली कामं. पण किंमत जास्त आणि तेल, फिल्टर यांच्या बाबतीत चालढकल चालत नाही. तेलात कचरा गेला तर पंप आणि मोटर दोन्ही खराब होतात, आणि ते गावातल्या मेकॅनिकच्या हातोडी-पान्यानं सुटणारं काम नाही.

शिकायचं कुठं?

कायद्यानं सार्वजनिक रस्त्यावर ट्रॅक्टर चालवायला वयाची १८ वर्षं आणि परवाना लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ७,५०० किलोपर्यंत वजनाचा रिकामा ट्रॅक्टर हलक्या वाहनात मोडतो. म्हणजे कार चालवून मिळवलेला परवाना ट्रॅक्टरच्या सीटपर्यंत पोचतो, पण कारच्या चाचणीत पीटीओ, ट्रॉली किंवा अवजार यांचा संबंधच येत नाही.

सरकार ट्रॅक्टरसाठी महाडीबीटीवरून अनुदान देतं. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना किमतीच्या ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत. हे पैसे यंत्राचे. चालवायला शिकण्याचा खर्च आणि वेळ त्यात धरलेला नाही.

शिकण्याच्या जागा आहेत, पण मोजक्या. केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था मध्य प्रदेशात बुदनीला १९५५ पासून आहे. जवळ बघायचं तर रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. नवं यंत्र घ्यायच्या आधी तिथं विचारायला काहीच हरकत नाही. डीलरकडूनही नुसता फेरफटका घेऊ नका. चढ, उतार, पीटीओ आणि ट्रॉली, चारही गोष्टी तुमच्या वावरात करून दाखवायला सांगा. आणि हे बघायला फक्त मालकानं जाऊ नये. रोज सीटवर बसणार तो ड्रायव्हर असतो, त्याला सोबत न्या.

शेवटी मुद्दा काय?

४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगावला मजुरांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात मजूर महिला त्यात गेल्या. हिंगोली म्हणजे वाशिमच्या शेजारचाच जिल्हा. या अपघाताचा हायड्रोस्टॅटिकशी काही संबंध नाही. पण ट्रॅक्टर चुकला तर त्याची किंमत चालवणाऱ्यापेक्षा मागं बसलेल्यांना जास्त मोजावी लागते, हे त्या विहिरीनं दाखवून दिलं.

क्लच कठीण होता, म्हणून नवखा माणूस निदान घाबरून तरी बसायचा. पेडल सोपं आहे, त्यामुळं ती भीतीही राहणार नाही. तेव्हा पोराला "अरे, यात काय शिकायचंय, पाय दाबला की चालतो" असं म्हणून चावी देण्याआधी त्याला आधी थांबवायला शिकवा. चाकं तर थांबवायचीच, पण मागं फिरणारा शाफ्टही.