मडके वाजवून घ्यावे

कुंभाराकडून मडके विकत घेताना जाणती गृहिणी ते बोटांनी वाजवून पाहते. खणखणीत नाद उमटला, तर मडके पक्के. बद्द आवाज आला, तर कोठेतरी तडा आहे, हे ती ओळखते. विक्रेत्याच्या गोड शब्दांपेक्षा तिचा स्वतःच्या कानांवर अधिक विश्वास असतो. वस्तू पारखून घ्यावी, हे शहाणपण इतके जुने आहे.

स्मार्टफोन आणि टॅबलेट या वस्तू मात्र वाजवून पाहता येत नाहीत. दुकानात त्या ओळीने मांडलेल्या असतात. सर्वांचे पडदे सारखेच झळकतात आणि प्रत्येकीची जाहिरात तिलाच श्रेष्ठ ठरवते. गोंधळलेला ग्राहक मग सर्वांत महाग वस्तू उचलतो, नाही तर शेजाऱ्याने घेतली तीच घेतो. या दोन्ही रीती सदोष होत. पहिलीत विचाराचे काम पैशावर सोपवले जाते. दुसरीत ते शेजाऱ्यावर सोपवले जाते.

सुज्ञ ग्राहक पहिला प्रश्न विक्रेत्याला नव्हे, तर स्वतःलाच विचारतो : ही वस्तू कोणत्या कामासाठी हवी? दिवसभर हिंडणाऱ्या रिक्षाचालकाला खिशात मावणारा आणि रात्रीपर्यंत बॅटरी टिकणारा फोन हवा. पुस्तके वाचणाऱ्या अथवा चित्रे काढणाऱ्या विद्यार्थिनीला टॅबलेटचा रुंद पडदा सोयीचा. मंद दृष्टीच्या आजोबांनाही त्यावरील मोठी अक्षरे सुखाची वाटतील. परंतु टॅबलेट खिशात मावत नाही, आणि कित्येक टॅबलेटांत सिमकार्ड घालण्याची सोयच नसते. काम लहान आणि वस्तू मोठी झाली, तर नाकापेक्षा मोती जड अशी अवस्था होते.

दुसरी पारख आकड्यांची. जाहिरातीतील आकडे खोटे असतात असे नाही. पण ते अपुरे असतात. पडद्याचे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे घेतात. त्यामुळे लांबट पडदा व रुंद पडदा यांचे माप सारखे असले, तरी लांबट पडद्याचे क्षेत्रफळ कमी भरते. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल म्हणजे चित्रातील ठिपक्यांची संख्या. चित्राचा चांगुलपणा भिंगावर आणि आत येणाऱ्या प्रकाशावरही अवलंबून असतो. साठवणीची जी जागा खोक्यावर छापलेली असते, तिच्यातील काही भाग यंत्राच्या स्वतःच्या प्रणालीनेच आधी व्यापलेला असतो.

तिसरी पारख सर्वांत महत्त्वाची, आणि तिचाच बहुधा विसर पडतो. ही वस्तू किती वर्षे साथ देईल? फोन केवळ काच व धातू यांचा बनलेला नसतो. त्याची प्रणाली सुरक्षित राहावी, म्हणून कंपनी वेळोवेळी सुधारणा पाठवते. त्यांनाच अपडेट म्हणतात. कंपनीने हात आखडता घेतला, की धडधाकट फोनही निकामी होऊ लागतो. ब्लॅकबेरी हा एके काळी मोठ्या प्रतिष्ठेचा फोन होता. ४ जानेवारी २०२२ रोजी कंपनीने त्याच्या जुन्या प्रणालीची सेवा थांबवली, आणि त्या फोनांवरून बोलणे वा निरोप पाठवणे खात्रीचे उरले नाही. काच फुटली नव्हती, कळा झिजल्या नव्हत्या. तरी फोन गेला! उलट, गूगल कंपनीने २०२३ मध्ये आणि सॅमसंग कंपनीने २०२४ मध्ये आपल्या काही फोनांना सात वर्षे सुधारणा पुरवण्याचे वचन दिले. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून बॅटरी किती टिकली पाहिजे याविषयीही नियम लागू केले.

म्हणून किंमत वर्षांनी भागून पाहावी. बारा हजारांचा फोन दोन वर्षे चालला, तर वर्षाला सहा हजार रुपये पडले. वीस हजारांचा फोन पाच वर्षे चालला, तर वर्षाला चार हजारच पडले. मग स्वस्त कोणता?

यावर कोणी म्हणेल, ‘ज्याच्या हाती बारा हजारच आहेत, त्याने हा हिशेब करून काय साधायचे?’ आक्षेप रास्त आहे. अंथरूण पाहूनच पाय पसरावे लागतात. परंतु ज्याची पुंजी थोडी, त्याचे नुकसानही त्याला अधिक जाचते. बारा हजारांत मिळणाऱ्या दोन फोनांपैकी कोणत्याची दुरुस्ती गावात होते, कोणत्याला अधिक वर्षे सुधारणा मिळतात, हे त्याने तर अवश्य विचारावे. प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

शिवाय प्रश्न विचारणे हा ग्राहकाचा हक्कच आहे. भारतात १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला व पुढे त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. वस्तूविषयी खरी माहिती मिळणे हा त्याने मान्य केलेला हक्क आहे. मात्र त्यासाठी खरेदीची पावती जपून ठेवली पाहिजे.

वर्गमित्राच्या हाती नवा फोन दिसला, की तसाच आपल्याला हवा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण घरी हट्ट धरण्यापूर्वी वरील तीन प्रश्नांची उत्तरे जो मुलगा वा मुलगी कागदावर लिहून काढील, त्याच्या वा तिच्या मागणीला वजन येईल. कदाचित त्या कागदावरून असेही दिसेल, की घरातील जुना फोनच अजून दोन वर्षे पुरणारा आहे. तसे दिसले, तर ती पारखही वाया गेली नाही. आईवडिलांच्या कष्टाचे पैसे तिने वाचवले.