मलपृष्ठाचे पाच हजार

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. एवढ्या उशिरा फोन वाजला की आमच्याकडे आधी पोटात गोळा येतो आणि मग फोन उचलला जातो. पण तसं काही नव्हतं. स्वारी खुशीत होती.

"मामा, एक पार्टी आलीये."

हा मुलगा नाशकात हिंडून मिसळ खातो आणि त्याचे छोटे छोटे व्हिडिओ करतो. (ताई, तुला वाटतं तो क्लासला जातो. जातो, पण व्हाया मिसळ.) बघणारे बारा हजार झालेत म्हणे. तर त्र्यंबक रोडच्या एका मिसळवाल्याने त्याला बोलावलं. मिसळ फुकट, वर तीन हजार रुपये रोख. अट एकच. व्हिडिओत म्हणायचं, "मी लहानपणापासून इथेच येतो."

ते हॉटेल गेल्या वर्षी सुरू झालंय.

"मामा, तू इतकी वर्षं लिहितोस. असं घेतात का?"

मी त्याला म्हटलं, उद्या सांगतो. फोन ठेवला आणि झोप गेली. कारण या प्रश्नाचं उत्तर मी एकदा दिलेलं आहे, आणि ते चुकलेलं आहे. इथले जुने वाचक ओळखतील मी कशाबद्दल बोलतोय. आजवर त्यावर एक ओळ लिहिली नव्हती. आज लिहितो.

२००९ सालची गोष्ट. आम्ही पाच जण होतो, सगळे नाशिकचे, एकमेकांचं लेखन वाचून ओळख झालेले. तेव्हा ब्लॉगवाल्यांचा 'रेषेवरची अक्षरे' हा दिवाळी अंक वाचून आम्हालाही सुरसुरी आली. पण आम्हाला कागदावर अंक हवा होता, हातात धरता येईल असा, आईला दाखवता येईल असा. चौसष्ट पानं, तीनशे प्रती. छापखान्याने एकवीस हजार सांगितले.

एकवीस हजार कुठून आणायचे? सातपूरकराला हा प्रश्न पडत नाही. एमआयडीसी दाराशी आहे. मोठ्या कंपन्यांच्या गेटवर आम्हाला कोणी उभं केलं नसतं, पण त्यांना जॉबवर्क करून देणारे छोटे शेडवाले ओळखीचे होते. कोणी बाबांबरोबर कामाला होता, कोणी आमच्या गल्लीतला. मी आठ दिवस स्कूटरवरून हिंडलो. तेरा जणांनी पाव पान घेतलं, पाचशे रुपयांप्रमाणे. आतली दोन मुखपृष्ठं तीन-तीन हजारांना गेली. आणि मलपृष्ठ, पाच हजारांना, एका प्रेसशॉपवाल्या काकांनी घेतलं. चहा पाजला, चेक तिथल्या तिथे फाडला. साडेसतरा हजार जमले. उरलेले साडेतीन हजार पाच जणांत, माणशी सातशे. आमच्या डोक्यावरून मोठं ओझं उतरलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला फार उशिरा कळली. जो माणूस ब्रॅकेट आणि वॉशर बनवून एकाच कंपनीला देतो, त्याला दिवाळी अंकातल्या जाहिरातीचा काय उपयोग? वाचक थोडाच वॉशर विकत घ्यायला येणार आहे! 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' आणि खाली शेडचं नाव, एवढीच ती जाहिरात. म्हणजे तो गिऱ्हाईक विकत घेत नव्हताच. तो आमच्याशी असलेलं नातं जपत होता. ऐकायला हे छान वाटतं. पण गिऱ्हाइकासाठी दिलेल्या पैशांचा हिशेब पानाबरोबर संपतो, नात्यासाठी दिलेल्या पैशांचा संपत नाही.

आमच्यातला पाचवा जण स्वतः एका कारखान्यात ऑपरेटर होता. त्याने लेख दिला होता पॉवर प्रेसवर. त्याच्या जोडीदाराची दोन बोटं प्रेसमध्ये गेली, त्या दुपारची हकीकत. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय मशीन खाली येऊ नये म्हणून. म्हणजे हात बाहेरच राहतात. पण नग जास्त काढायचे असले की एक बटण काडी खुपसून दाबून ठेवतात आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवतात. ती काडी कोण खुपसतं, कोण बघून न बघितल्यासारखं करतं, हे त्याने शांतपणे लिहिलं होतं. कुठल्या कंपनीचं नाव नाही, शिवी नाही. आमच्या अंकातला सगळ्यात चांगला लेख तो होता. माझ्या लेखापेक्षा तर कितीतरी.

अंक छापायला जायच्या आदल्या संध्याकाळी प्रेसशॉपवाल्या काकांचा फोन आला. त्यांना कुठून तरी कुणकुण लागली होती. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, "बोटांवर काहीतरी आहे म्हणे. छापा तुम्ही, तुमचा अंक आहे. फक्त त्याच्या पाठीवर माझं नाव बरं नाही दिसणार. माझं पान राहू दे."

बघा, लेख काढा असं ते म्हणालेच नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. लेख आम्ही काढला.

चौघांचं फोनवर बोलणं झालं. पाचवा सेकंड शिफ्टला होता, फोन लॉकरमध्ये. वेळ नाही, छापखाना थांबलाय, पुढच्या अंकात घेऊ, त्याला समजेल... अशी सगळी वाक्यं आम्ही बोललो. त्या चार पानांत पावसाच्या कविता घातल्या. दिवाळीला, पावसाच्या कविता!

हिशेब मी ठेवत होतो, म्हणून आकडा माझ्या डोक्यात पक्का आहे. मलपृष्ठ सोडलं असतं तर पाच हजार कमी पडले असते. पाच जणांत माणशी एक हजार. एवढ्याला आम्ही तो लेख विकला, आणि विकला तोही लेखकाला न विचारता.

प्रकाशनाच्या दिवशी त्याने अंक चाळला, अनुक्रमणिका पाहिली, पुन्हा पाहिली. काही बोलला नाही. आपल्या वाट्याच्या प्रती घेतल्या आणि सेकंड शिफ्ट आहे म्हणून निघून गेला. आठवड्याने त्याच्या ब्लॉगच्या उजव्या कोपऱ्यातल्या यादीतून आमची चौघांची नावं गेली. अंक पुन्हा निघाला नाही.

असो.

लिहिणाऱ्याने धंदेवाल्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, असा निष्कर्ष यातून काढणारे मित्र मला भेटलेत. मला ते पटत नाही. मराठीत तर मुळीच पटण्यासारखं नाही. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आज उभी आहे ती बऱ्याच अंशी जाहिरातींच्या पैशावर. 'कालनिर्णय' १९७३ पासून घराघरात लटकतंय. पुढे तारखा आणि तिथी, मागे नामवंत लेखकांचे लेख. दुधाचा हिशेब लिहिता लिहिता आमच्या आईने कितीतरी मोठे लेखक त्या पाठीमागच्या पानांवर वाचले.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण किर्लोस्करांचं. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचं पत्र काढलं. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत जावी, हा साधा व्यापारी हेतू. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरतं असं शेतकरी समजत होते, त्या काळातला हा कारखाना. त्याला गिऱ्हाइकाशी बोलणं भागच होतं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, लक्ष्मणरावांचे पुतणे, हाडाचे चित्रकार. या जाहिरातीच्या पत्राचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्ये छापून आले, कर्मठ वाचक भडकतील असे. विचार करा, नांगर विकणाऱ्या कारखान्याच्या मासिकात! आमच्या काकांना फक्त बोटांची भीती वाटली, आणि आम्ही चार पानं गाळली.

अर्थात शंवाकि घरचेच होते. मालकाला नाही म्हणायची सोय त्यांना जन्माने मिळालेली. आपल्याला ती पैसे घ्यायच्या आधी बोलून मिळवावी लागते. चहा पिताना, चेक फाडायच्या आत सांगायचं, की काका, पान तुमचं, बाकीची त्रेसष्ट आमची, त्यात काय येईल ते तुम्हाला अंक निघाल्यावर कळेल. मी हे बोललो नाही कारण मला भीड वाटली. ओळखीच्या माणसाशी व्यवहार बोलायचा म्हणजे आपल्याकडे अपमान केल्यासारखं वाटतं ना! मला तर आता वाटतं की अनोळखी माणसाची जाहिरात घेणं सोपं, ओळखीच्या माणसाची घ्यायची तर दुप्पट स्पष्ट बोलावं.

पण काकांशी बोलणं हा तरी दुसरा भाग झाला. पहिलं बोलणं आम्ही पाच जणांनी आपापसात करायला हवं होतं. आम्ही एकत्र येताना काय काय ठरवलं होतं? फॉन्ट. मुखपृष्ठाचा रंग. अंकाचं नाव ठरवायला तर तीन रविवार गेले. पैसे कमी पडले तर कोण घालणार, एखाद्याचा लेख काढायचा तर कोणाला विचारायचं, यावर एक शब्द नाही. मैत्री आहे म्हटल्यावर असलं काय बोलायचं, असं वाटलं. त्यामुळे बाहेरून दबाव आला, खरं तर दबावसुद्धा नाही, एक फोन आला, तर आम्ही सगळ्यात आधी आपल्याच माणसाला सोडलं. धंदेवाल्याने पैसे काढून घेतले तर छापखान्याचं बिल थकतं, ते नंतरही भागवता येतं. बरोबरच्या लिहिणाऱ्याचा विश्वास गेला तर त्याला काही हप्ते पाडून मिळत नाहीत.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी भाच्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. (आजकालची मुलं ऐकत नाहीत असं कोण म्हणतं? तीन हजारांचा प्रश्न असला की ऐकतात.) मग कायद्याचंही सांगितलं. २०२२ च्या जूनमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियम आले, जानेवारी २०२३ मध्ये खास या व्हिडिओवाल्यांसाठी सूचना आल्या. पैसे, फुकट वस्तू, सवलत, काहीही घेतलं असेल तर ते बघणाऱ्याला स्पष्ट सांगायचं. फुकट मिसळसुद्धा त्यात येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे ऐकल्यावर पलीकडे जरा शांतता पसरली.

"मग नको म्हणू का?"

म्हटलं, नको कशाला म्हणतोस? मिसळ चांगली आहे का?

"मिसळ एक नंबर आहे मामा. रस्सा थोडा कमी तिखट, पण एक नंबर."

मग झालं तर. पैसे घे, ते घेतलेत हे व्हिडिओच्या सुरुवातीलाच मराठीत सांग, रस्सा कमी तिखट आहे तेही सांग. आणि तू लहानपणापासून तिथे जात नाहीस. लहानपणी तू वरणभात सोडून काही खात नव्हतास, हे बारा हजार लोकांना माहीत नसलं तरी तुझ्या आईला माहीत आहे.

तो हसला. मालकाला विचारतो म्हणाला. काल निरोप आला, "पैसे घेतले म्हणून सांग, चालेल, पण रस्सा कमी तिखट म्हणू नकोस." सध्या तिथे अडलंय. भाचा म्हणतो मी म्हणणार. बघू.

आणि मी काल एवढं केलं की पंधरा-सोळा वर्षांनी त्या पाचव्या मित्राला फोन लावला. दिवाळीचे मेसेज जातात-येतात, बोलणं नसतं. तो लेख तुझ्याकडे आहे का, म्हणून विचारलं. इथे छापायचाय, तुझ्या नावाने, जसाच्या तसा.

थोडा वेळ काही बोलला नाही. मागे मशीनचा आवाज येत होता. मग म्हणाला, "जुन्या कॉम्प्युटरवर असेल. बघतो."